पुशरॉड सगळ्यात शेवटी विकत घ्यायचा

ऐरोलीच्या एका मुलाने विचारलंय: "काका, वडिलांची 1996 ची बुलेट 350 पूर्ण उघडली आहे. हेड घासून घेतलंय, दोन्ही व्हॉल्व्हच्या सीट नव्याने कापल्यात, जास्त लिफ्टचा कॅम आणलाय. आता पुशरॉड कोणते घेऊ? दुकानदार म्हणतो क्रोमोली स्टीलचे घे, आयुष्यभर बघायला नको. जुना मेकॅनिक म्हणतो ॲल्युमिनियमचेच बरे. व्हिडिओ बघितले तर प्रत्येक जण लांबीचं वेगळंच सांगतो."

बाळा, पैसे अजून दिले नसशील तर देऊ नकोस. वागळे इस्टेटमध्ये 23 वर्षं इंजिनं बांधतोय आणि इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा हेच सांगावं लागलंय, की इंजिनात बाकी सगळं ठरलं, बसलं, घट्ट झालं, की उरलेल्या जागेचं माप म्हणजे पुशरॉड. कॅम फिरताना टॅपेट नावाच्या दट्ट्याला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडच्या दांडीला, आणि पुशरॉड रॉकरला; रॉकर ढेंगुळीसारखा डोलतो आणि दुसऱ्या टोकाने व्हॉल्व्ह उघडतो. टॅपेटपासून रॉकरपर्यंत जेवढं अंतर राहिलं तेवढा पुशरॉड हवा. ते अंतर आज तुझ्या इंजिनात किती आहे हे दुकानदाराला माहीत नाही, मला माहीत नाही आणि व्हिडिओतल्या माणसाला तर नाहीच.

तू तीन कामं करून घेतलीस आणि त्या तिन्हींनी हे अंतर बदललं.

हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, रॉकर त्याच्यावरच बसतो. ते घासलं म्हणजे रॉकर तेवढा खाली आला. अर्धा मिमी घासलं असेल तर पुशरॉड अर्धा मिमी आखूड हवा. सीट म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती बैठक. ती कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत जातो, त्याच्या दांडीचं टोक वर येतं, रॉकरची ती बाजू उचलली जाते आणि पुशरॉडची बाजू खाली दबते. म्हणजे इथेही आखूडच. फक्त इथे रॉकरचं प्रमाण मध्ये येतं. टोक 0.6 मिमी वर आलं आणि रॉकर 1.5 पटीचा असेल तर पुशरॉडच्या बाजूला 0.4 मिमीचाच फरक पडतो. तुझ्या रॉकरचं प्रमाण कुणाला विचारू नकोस. दोन्ही टोकांना डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लाव, एकदा फिरव, एकाला दुसऱ्याने भाग.

कॅमचं मात्र उलट आहे. जास्त लिफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारे, बरेचसे कॅम जुनाच कॅम घासून काढलेले असतात. नाकाची उंची वाढवायला धातू चढवत नाहीत, मागचा गोल भाग कमी करतात. त्या गोलाचा व्यास कमी झाला की टॅपेट खाली बसतो आणि पुशरॉड लांब लागतो. नवीन ब्लँकवर कापलेला कॅम असेल तर गोल मूळचाच असू शकतो. दुकानदाराच्या तोंडावर विसंबू नकोस. व्हर्निअरने जुना आणि नवा, दोन्हींचा मागचा गोल मोज आणि व्यासातल्या फरकाचं निम्मं कर, तेवढाच टॅपेट खाली गेला.

आता समज, हेडमुळे 0.5 आखूड, सीटमुळे 0.3 आखूड, कॅमच्या गोलात 1.6 चा फरक म्हणून 0.8 लांब. बेरीज शून्य. तीन कामं झाली आणि मूळ लांबीचाच पुशरॉड बसला! हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, तुझे वेगळे निघतील, आणि इनलेटचे-एक्झॉस्टचेही एकमेकांपासून वेगळे निघतील, कारण दोन्ही सीट सारख्याच खोल कापल्या जात नाहीत. गॅस्केट जाड लावलं तर आणखी फरक. व्हॉल्व्हचं टोक घासलं असेल तर आणखी. कागदावरची बेरीज अंदाजापुरती ठेव, खरं माप इंजिन जुळवूनच मिळतं.

जुळवायचं कसं, ते सांगतो. जे गॅस्केट शेवटी राहणार त्याच जाडीचं टाक, हेड पूर्ण टॉर्कने आवळ. हेड नुसतं हाताने आवळून घेतलेल्या मापाला किंमत नाही. मग जुने पुशरॉड टाक. कास्ट आयर्न बुलेटची एक मोठी सोय म्हणजे ॲडजस्टर, म्हणजे रॉडची लांबी थोडी कमी-जास्त करायचा स्क्रू, खालीच असतो, उजवीकडच्या टॅपेट कव्हरच्या आत. कव्हर काढलंस की हात पोचतो. कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आण, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन सगळ्यात वर येतो तिथे. कॅम बदललाय म्हणून एवढ्यावर थांबू नकोस. एक्झॉस्ट उघडायला लागला की इनलेटचा गॅप (व्हॉल्व्ह बंद असताना उरणारी बारीक फट) सेट कर, आणि इनलेट बंद होत आला की एक्झॉस्ट. अशाने टॅपेट नक्की गोलावरच असतो.

आता ॲडजस्टर किती बाहेर आलाय ते बघ. माझ्या लेखी पुशरॉडच्या लांबीचा सगळा निकाल इथे लागतो. ॲडजस्टर पूर्ण आत जाऊनही गॅप मिळत नसेल तर रॉड लांब आहे. भरपूर बाहेर काढावा लागत असेल तर आखूड. बाहेर आलेल्या स्क्रूचे आत किती आटे धरलेत ते मोज. स्क्रूच्या व्यासाइतकी तरी लांबी आत अडकलेली हवी. तीन आट्यांवर लटकणारा ॲडजस्टर पहिल्या दिवशी ठीक वाटतो, मग लॉकनट ढिला होतो, मग आटे जातात. ॲडजस्टर मधोमध आला तर जुनी लांबीच बरोबर आहे, नवी शोधत बसू नकोस.

मधोमध येत नसेल तर मापाचा रॉड स्वतः बनव. टाकाऊ पुशरॉड मधून काप, दोन्ही तुकड्यांत एम6 चे आटे पाड, मध्ये स्टड आणि लॉकनट. हा रॉड इंजिनात बसव, जिथे ॲडजस्टर मधोमध राहील तिथे लॉक कर, काढून मोज. मोजताना एक चूक सर्रास होते. टोकाला वाटी असेल तर लोक वाटीच्या काठापासून काठापर्यंत मोजतात. काठाची उंची प्रत्येक बनावटीची वेगळी असते आणि रॉकरचा गोळा काठावर टेकत नाही, आत टेकतो. म्हणून वाटीत बेअरिंगची गोळी ठेव, गोळीसकट माप घे, आणि नवा रॉड आला की त्याच गोळीने तोही मोज. लेथवाल्याला मापाबरोबर ती गोळीही नेऊन दे.

आता व्हिडिओंबद्दल. तू बघितले असशील त्यात व्हॉल्व्हच्या टोकावर मार्करने काळं करतात, इंजिन फिरवतात आणि पट्टा कुठे उमटला ते बघून पुशरॉड लांब-आखूड करतात. पद्धत बरोबर आहे, पण ती अमेरिकन व्ही-8 इंजिनांची आहे. त्यांत रॉकर एका स्टडवर बसतो आणि नट वर-खाली केला की रॉकरचा टेकूच हलतो. तिथे पुशरॉडच्या लांबीवर रॉकरची सगळी भूमिती ठरते. बुलेटमध्ये रॉकरची दांडी हेडवरच्या ठोकळ्यात पक्की धरलेली असते. पुशरॉड लांब-आखूड केला तरी टेकू जागचा हलत नाही, गॅप तेवढा बदलतो. पद्मिनी आणि ॲम्बॅसॅडरमध्येही रॉकर शाफ्टवरच, फक्त ॲडजस्टर वर, रॉकरच्या टोकाला. मार्करची खूण तूही घे, जरूर घे. पट्टा अरुंद आणि टोकाच्या मध्याजवळ हवा. तो कडेला सरकलेला दिसला तर पुशरॉडला हात लावू नकोस. व्हॉल्व्ह किती आत गेलाय आणि ठोकळे नीट बसलेत का, ते बघ. त्या व्हिडिओंत पुशरॉडमधून वर तेल जातं, म्हणून ते टोकाच्या भोकाबद्दल बोलतात. तुझ्या बुलेटला रॉकरचं तेल बाहेरच्या पाइपने जातं. तो पाइप फुंकून, साफ करून बसव. कोरडा रॉकर नव्या पुशरॉडचं टोक महिनाभरात खाऊन टाकतो.

आता धातू. दुकानदार आणि तुझा मेकॅनिक, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

क्रोमोली म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेलं पोलाद. ते साध्या पोलादापेक्षा मजबूत असतं, त्याला कडकपणा देता येतो. पण लवचिकतेचा आकडा दोन्ही पोलादांचा जवळजवळ सारखाच आहे. एकाच मापाची नळी साध्या पोलादाची असो की क्रोमोलीची, त्याच वजनाखाली ती तेवढीच वाकते. क्रोमोली फक्त कायमची वाकडी व्हायला जास्त जोर घेते. चालत्या इंजिनात आपल्याला त्रास देतं ते क्षणभराचं वाकणं. रॉड धनुष्यासारखा किंचित वाकतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, मग रॉड सरळ होताना व्हॉल्व्हला कॅमच्या मनाविरुद्ध आणखी खाली फेकतो. यावर खरा इलाज व्यासाचा.

हिशेब करून दाखवतो, कारण हा भाग कुणी सांगत नाही. नळीचा ताठपणा बाहेरच्या व्यासाच्या चौथ्या घातातून आतल्या व्यासाचा चौथा घात वजा करून मिळतो. 8 मिमी व्यासाची, 1.2 मिमी जाडीची नळी घे. तिची जाडी वाढवून 2 मिमी केलीस तर ताठपणा 23 टक्क्यांनी वाढतो, वजन मात्र 47 टक्क्यांनी. त्याऐवजी जाडी 1.2 च ठेवून व्यास साडेनऊ केलास तर ताठपणा 80 टक्क्यांनी वाढतो आणि वजन फक्त 22 टक्क्यांनी. ॲल्युमिनियमचं रहस्यही इथेच आहे. त्याचा ताठपणा पोलादाच्या एक तृतीयांश आणि वजनही एक तृतीयांश. हलका धातू म्हणून नळी जाडजूड करता येते, आणि जाडजूड केली की व्यासाचा फायदा मिळतो. बुलेटचे मूळचे जाड ॲल्युमिनियमचे पुशरॉड ज्याने ठरवले त्याला हे पक्कं ठाऊक होतं. दुकानात "हेवी ड्यूटी" म्हणून हातात दिलेला बारीक स्टीलचा रॉड वजनाला भारी लागतो म्हणून ताठ असेल असं समजू नकोस. आधी व्यास मोज. आणि जाड रॉड घेतलास तर सिलिंडरच्या बोगद्यात तो पूर्ण लिफ्टपर्यंत कुठे घासत नाही ना, तेही हाताने इंजिन फिरवून बघ.

दुसरी गोष्ट उष्णतेची. ॲल्युमिनियम दर अंशाला पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. 180 मिमीचा रॉड 80 अंशांनी तापला तर ॲल्युमिनियमचा साधारण 0.33 मिमी वाढतो, पोलादाचा 0.17. फरक 0.16 मिमी, म्हणजे सहा थाउ (इंचाचे सहा हजारांश). बुलेटचा थंड इंजिनातला गॅप जवळपास शून्य ठेवतात, रॉड बोटांनी सहज फिरावा पण वर-खाली हलू नये, तो मूळच्या ॲल्युमिनियम रॉडवर बसलेला हिशेब आहे. त्याच सेटिंगवर स्टीलचे रॉड टाकलेस तर गरम झाल्यावर गॅप तेवढा मोठा होणार आणि टकटक सुरू होणार. मग लोक म्हणतात कॅम खराब, टॅपेट खराब, आणि इंजिन पुन्हा उघडतात.

तुझ्या गाडीची कमाल ताकद कंपनीने मिनिटाला 5625 फेऱ्यांना दिली होती. त्या वेगाला एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे 47 वेळा उघडतो. ऐकायला मोठं वाटतं, पण चांगला ॲल्युमिनियम पुशरॉड हे आरामात निभावतो. घोडबंदर रोडला आणि वर्षातून एकदा माळशेजला जाणाऱ्या गाडीला मी मूळ पद्धतीचे ॲल्युमिनियम रॉडच घालतो. स्प्रिंग खूप कडक टाकली असशील, गाडी सतत वरच्या फेऱ्यांवर पळवणार असशील, तरच क्रोमोलीचा विचार कर, आणि तेव्हा व्यास आणि गॅप दोन्ही नव्याने ठरव.

ॲल्युमिनियम रॉडचा एक खरा दोष सांगायलाच हवा. त्याची टोकं पोलादाची असतात आणि नळीवर दाबून बसवलेली असतात. ती सैल होतात. नवा रॉड हातात घे, एका हाताने नळी घट्ट धर, दुसऱ्या हाताच्या चिमटीत टोक पकडून पिळ. केसभर जरी फिरलं तरी परत दे. मागच्या पावसाळ्यात एक बुलेट आली होती, तिचा टॅपेट दर आठवड्याला "सुटायचा". मालकाने तीनदा सेट करून घेतला होता. रॉड काढला, पिळला, वरचं टोक बाटलीच्या झाकणासारखं फिरलं. काढून बघितलं तर नळीच्या काठावर काळी भुकटी जमली होती, ॲल्युमिनियम घासून झालेली. रोज थोडा थोडा आखूड होत चाललेला रॉड कितीही वेळा सेट केला तरी काय उपयोग?

सरळपणा बघायला काचेचा तुकडा पुरतो. खिडकीची जाड काच सपाट टेबलावर ठेव, समोर बल्ब लाव, पुशरॉड हळूहळू लोळव. वाकडा असेल तर एका ठिकाणी खालून उजेडाची चीर दिसते, अर्धं वळण झालं की मिटते. त्या चिरेत मी फिलर गेजची 0.1 मिमीची पट्टी घालून बघतो. पट्टी शिरली की तो रॉड बाजूला. नवा आहे म्हणून सोडत नाही, पिशवीतले नवे रॉड वाकडे निघालेले मी पाहिलेत. वाकडा रॉड ठोकून सरळ करून वापरायचा नाही, तो परत तिथेच वाकतो.

आणि आपल्याकडची हवा विसरू नकोस. ऐरोलीला खाडी जवळ. जुलैत उघड्या डब्यात ठेवलेल्या पुशरॉडच्या टोकावर आठवड्यात तांबूस ठिपके येतात. स्टीलच्या नळीवरचा गंज पुसता येतो, पण टोकाच्या घासणाऱ्या भागावर खड्डा पडला की तो रॉड संपला. बसवायचा दिवस येईपर्यंत तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेव.

नव्या गाड्या असलेले तुझे मित्रही हे विचारतील म्हणून आधी एवढं. 2020 मध्ये रॉयल एनफिल्डच्या मिटिऑरपासून जे नवं 350 चं इंजिन आलं त्यात कॅम वर, हेडमध्येच आहे, पुशरॉड नाहीतच. त्याच्या आधीच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात पुशरॉड आहेत, पण टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरणारे, आणि रॉडला ॲडजस्टर नाही. तिथे लांबी चुकली तर सुधारायला जागाच नसते.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. तुर्भ्याच्या एका गिऱ्हाइकाची यूसीई 350 होती. हेड आणि सिलिंडर दोन्हीचं फेसिंग करून आणलं. मी किती निघालं ते विचारलं नाही, मोजलं नाही, जुनेच पुशरॉड टाकले. सकाळी गाडी सुरू व्हायला रडायची, गरम झाल्यावर बरी चालायची. मी कार्ब्युरेटर बघितला, प्लग बदलला, महिना गेला. शेवटी उघडलं तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळालेली. दोन्ही मिळून 0.9 मिमी घासलं गेलं होतं. हायड्रॉलिक टॅपेटचा प्लंजर (आतला दट्ट्या) तळाला टेकला होता आणि थंड इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हता. इंजिन तापून सिलिंडर वाढला की थोडी जागा व्हायची, म्हणून दुपारी गाडी गुणी. व्हॉल्व्ह, सीट, मजुरी सगळं मी माझ्या खिशातून केलं. तेव्हापासून फेसिंगवरून आलेलं प्रत्येक हेड मी आधीची आणि नंतरची उंची मोजून वहीत लिहितो. हायड्रॉलिकवाल्यांनी हे लक्षात ठेवा, प्लंजर त्याच्या चालीच्या मध्यावर दबलेला हवा, आणि ते बघताना टॅपेटमधलं तेल काढून टाकायला हवं, नाहीतर फसवं माप मिळतं.

पद्मिनीवाल्यांसाठी एकच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या. ज्यांनी घरची पद्मिनी जपली आहे त्यांनी चांगला जुना पुशरॉड दिसला की सरळपणा बघून घेऊन ठेवावा.

आता तुझं काम. पुशरॉडच्या आधी एक तपासणी राहिली आहे, ती जास्त लिफ्टच्या कॅममुळे: व्हॉल्व्ह पिस्टनला आपटत नाही ना, ते बघायचं. पिस्टनच्या डोक्यावर मुलांची खेळायची माती लाव, हेड आवळ, गॅप शून्य कर, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरव, उघड, माती काप. जिथे सगळ्यात पातळ असेल तिथे इनलेटला 2 मिमी आणि एक्झॉस्टला अडीच मिमी उरायला हवी. तेवढी नसेल तर कॅम किंवा हेडचा निर्णय बदलेल, आणि पुशरॉडचं माप परत बदलेल. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, तेही तेव्हाच बघ. वेढे टेकले की सगळा जोर पुशरॉडवर येतो आणि वाकलेला रॉड बघून लोक पुशरॉडलाच दोष देतात.

हे सगळं जमलं की ॲडजस्टर मधोमध येईल अशी दोन मापं निघतील, इनलेटचं आणि एक्झॉस्टचं. दोन्ही वेगळी लिही, रॉडवरही खूण कर. मग दुकानात जा. बसवताना टोकांना तेल लाव, थंड इंजिनात सेट कर, गायमुखच्या चढावरून एक फेरी मार, रात्रभर थंड होऊ दे आणि सकाळी परत सेट कर. 500 किलोमीटरला पुन्हा एकदा. तेव्हा गॅप हलला नसेल तर कव्हर लाव आणि वडिलांना चावी दे.

लेथवाला मिळत नसेल तर शनिवारी दुपारी जुने पुशरॉड, दोन्ही कॅम आणि ती गोळी घेऊन गॅरेजला ये. कट करून आटे पाडायला अर्धा तास लागतो.